पहिला ग्लास कोणत्या बिअरचा?

नवख्या माणसाला पहिली बिअर कोणती द्यावी, या प्रश्नावर आमच्या पुण्यातल्या कट्ट्यावर शनिवारी बराच वेळ वाद रंगला. निमित्त होते आमच्यातल्या एकाच्या २४ वर्षांच्या मावसभावाचे; त्याला एकदा बिअर चाखून पाहायची आहे आणि कोणती घ्यावी हे त्याने आम्हालाच विचारले आहे.

वकील मित्राचे म्हणणे असे की, बाटली घ्यायचीच तर स्ट्राँग घ्यावी, निदान पैसे तरी वसूल होतात. बँकेतल्या मित्राने तिथल्या तिथे हिशेब मांडला. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्के अल्कोहोल असेल, तर ५२ मिली शुद्ध अल्कोहोल पोटात जाते, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे ६० मिलीचे दोन लार्ज पेग घेतले तरी त्याहून थोडे कमीच भरते. "ज्याने आजवर थेंबही घेतलेला नाही, त्याच्यापुढे तू दोन लार्ज ठेवशील का?" या त्याच्या प्रश्नावर वकील मित्राला उत्तर सुचले नाही. उलट ५ टक्क्यांच्या माइल्ड बिअरचा ३३० मिलीचा पाइंट घेतला, तर हाच आकडा साडेसोळा मिलीवर येतो. स्ट्राँगचा विषय तिथेच संपला आणि तो संपायलाच हवा होता.

खरा वाद पुढे झाला. हॉटेल व्यवसायातल्या मित्राच्या मते नवखा माणूस नाक मुरडतो ते कडवटपणामुळे. हा कडवटपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतून येतो आणि ती जितका जास्त वेळ उकळावीत तितका तो वाढतो. तो मोजण्याचे एकक आयबीयू आहे; आकडा जितका मोठा तितकी बिअर कडू. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये तो साधारण ८ ते १५ असतो, चेक प्रजासत्ताकातल्या प्ल्झेन्य शहरातल्या मूळ पिल्सनर या सोनेरी बिअरमध्ये ४०च्या आसपास, तर आयपीए (इंडिया पेल एल) या हॉप्स भरपूर घातलेल्या प्रकारात त्याहूनही बराच वर जाऊ शकतो. शिवाय बव्हेरियन गव्हाच्या बिअरला तिच्या यीस्टमुळे पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा सुगंध येतो, तर बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात. हे वास आपल्या स्वयंपाकघरातलेच असल्यामुळे नवख्याने इथूनच सुरुवात करावी, असा त्याचा आग्रह होता.

नागपूरकर मित्राला हे मान्य नव्हते. आपल्याकडच्या माइल्ड लागरची, म्हणजे नेहमी मिळणाऱ्या हलक्या बिअरची, तुलना प्ल्झेन्यच्या पिल्सनरशी करणेच चूक आहे, कारण तिच्यात हॉप्स बेताचेच असतात आणि चव स्वच्छ, हलकी असते. उलट पेयाला येणारा केळ्याचा वास काहींना अजिबात सहन होत नाही, असे तो ठामपणे म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही मी गव्हाच्या बिअरच्या बाजूचा आहे. नवखा माणूस घोट घोट करत सावकाश पितो. तोवर लागर कोमट होते आणि तिचा थंडपणाखाली झाकलेला पाणचटपणा उघडा पडतो. गव्हाची बिअर थोडी कोमट झाली तरी तिचा सुगंध खुलतो.

रंगावरून अंदाज बांधू नये, हेही मध्येच निघाले. काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची असते आणि सोनेरी, निरागस दिसणारी बेल्जियमची ड्युव्हेल ८.५ टक्क्यांची. नवख्याने रंग नव्हे, लेबलवरचा आकडा वाचावा.

ओतण्याबद्दल मात्र सर्वांचे एकमत झाले. बिअर ग्लासच्या कडेने अलगद उतरवत राहिले की फेस होत नाही, वायू आतच राहतो आणि पुढे पोट फुगते. पहिल्यांदा पिणाऱ्यांची मोठी तक्रार हीच असते. म्हणून आधी ग्लास तिरका धरावा, अर्धा भरल्यावर सरळ करावा आणि दोन बोटे फेस येऊ द्यावा. सोबत पोटभर जेवण असावे आणि परतताना रिक्षा करावी, यावर चर्चा करण्याची गरजच भासली नाही.

बाटलीऐवजी मावसभावाला मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणी, न्यायचे ठरले. २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून पुण्यात ही सोय आहे आणि अशा ठिकाणी चवीपुरते छोटे ग्लास मागता येतात. नागपूरकराने लागरचा हट्ट सोडलेला नाही. दोन्हींचे छोटे ग्लास शेजारी ठेवावेत, पण आधी लागर आणि मग गव्हाची, कारण सुगंधी बिअरनंतर लागरची चवच लागत नाही, असे त्याने सुचवले. हा क्रम मलाही पटला.