म्हणे, घरात फक्त इंग्रजी बोला!

‘परदेशात गेलेल्या अपंग मुलांच्या पालकांसाठी वेगळे कार्यक्रम कशाला?’ असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात ‘घरात फक्त इंग्रजी बोला’ असा सल्लाही आहे. तो अमेरिकेत माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. तिच्या मुलाला डाउन सिंड्रोम (वाढ आणि बोलणं मंदावणारी जन्मजात स्थिती) आहे. तिने विचारलं, "मग मी त्याच्याशी मराठी बोलणं बंद करू का?" तेव्हा माझं डोकंच फिरलं.

अजिबात नको. दोन भाषांनी अशी मुलं गोंधळतात, हा त्या मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा. संशोधक एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांची तुलना तशाच एकभाषिक मुलांशी केली. इंग्रजीत द्विभाषिक मुलं मागे पडली नव्हती. अभ्यास छोटा होता, मान्य. पण मेसेजवाल्यांकडे तेवढाही नाही. बोलणं उशिरा येतं ते डाउनमुळे, मराठीमुळे नव्हे. आणि इंग्रजीची सक्ती झाली की घरात काय उरतं? जिला इंग्रजीत लाड करता येत नाहीत, ती आई ‘कम’, ‘सिट’, ‘नो’ एवढंच बोलते. बडबडगीतं गेली, चिडवाचिडवी गेली, आजीशी फोनवरच्या गप्पा गेल्या. ज्या मुलाच्या कानावर जास्त बोलणं पडायला हवं, त्याच्याशीच घर अबोला धरतं.

मेसेजमधला पुढचा मुद्दा: ‘हे पालक मुलाचं अपंगत्व लपवतात, सभेला बोलावलं तरी येत नाहीत.’ अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल. मागच्या जन्मीचं पाप काढणारे नातेवाईक असले की माणूस लपवणारच. पण सभा कामाच्या दिवशी भरदुपारी, धाकट्याला कुठे ठेवायचं ते कुणी सांगत नाही, आणि खापर मात्र संस्कृतीवर!

मग म्हणे, ‘माहितीपत्रक भाषांतरित केलं की झालं.’ नाही होत. संशोधक सँड्रा मगान्या यांनी अमेरिकेतल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) कुटुंबांसाठी ‘पेरेंट्स टेकिंग ॲक्शन’ हा कार्यक्रम उभा केला. त्यात ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांच्या पालकांना शिकवायला त्याच समाजातल्या आया घरी जातात. त्यांची स्वतःची मुलंही ऑटिस्टिक. दाराशी आलेल्या बाईला आपलं रडगाणं पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही, हा फरक पत्रकाने पडेल? पुढे हा कार्यक्रम चिनी स्थलांतरित कुटुंबांसाठीही बेतला गेला.

राहता राहिला, मेसेजवाल्यांच्या मते, शाळेकडे दुभाषा मागण्याचा पालकांचा ‘माज’. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यानुसार आयईपीच्या (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या) बैठकीत पालकांना सगळं समजेल असं पाहणं, लागल्यास दुभाषा आणणं, ही शाळेचीच जबाबदारी आहे. बैठकीच्या आधी लेखी मागा. मोठ्या भावंडाला दुभाषा म्हणून बसवू नका.