रंग धावतात म्हणे!

एका वॉशिंग मशीनची मराठी माहितीपुस्तिका आज हातात पडली. 'गडद कपडे वेगळे धुवा, रंग धावू शकतात.' पुढच्याच पानावर, 'पहिल्या वापराआधी एक रिकामी सायकल धावा.' हे छापलंय, मंडळी. रीतसर, गुळगुळीत कागदावर. छापण्याआधी एकाही मराठी माणसाने ते वाचलेलं नाही, हे सांगायला पुरावा कशाला हवा?

दोन्हीकडे मूळ शब्द एकच, 'रन'. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशात १९८९च्या आवृत्तीपर्यंत सर्वांत लांबलचक नोंदीचा मान 'सेट'कडे होता, तब्बल ४३० अर्थ. पुढच्या सुधारणांमध्ये 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! यंत्रं आली, मग संगणक आले, आणि इंजिनापासून प्रोग्रामपर्यंत जे जे चालतं ते इंग्रजीत 'रन' व्हायला लागलं.

म्हणून कोश उघडण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. कर्ता कोण, कर्म आहे का, आणि मागे शेपूट कुठलं. कर्ता नाक असेल तर ते वाहतं, नळ असेल तर तो चालू असतो, कपड्याचा रंग असेल तर तो जातो. (जातो! एवढा साधा शब्द सुचू नये?) कर्म दुकान असेल तर ते चालवायचं, चाचणी असेल तर घ्यायची. उमेदवार 'फॉर' लावून रन करतो तेव्हा तो निवडणुकीला उभा असतो. बँकेवर 'रन' येतो तेव्हा ठेवी काढायला झुंबड उडालेली असते. पुस्तकाचा 'प्रिंट रन' म्हणजे एका खेपेला छापलेल्या प्रती. 'धाव' हा शब्द बिनघोर वापरावा तो क्रिकेटमध्ये.

खरी गंमत शेपटात आहे. 'रन आउट' झालं की साठा संपतो, किंवा फलंदाज धावबाद होतो. 'रन डाउन' म्हणजे बॅटरी उतरते, माणूस खंगतो, किंवा कुणी कुणाला नावं ठेवतं. 'रन ओव्हर' तर महाबिलंदर! गाडी अंगावरून जाते, भाषण वेळेपेक्षा लांबतं, भांडं उतू जातं. तिन्ही ठिकाणी इंग्रजी अक्षरं तीच. कर्ता न बघता भाषांतर करणारा इथे हमखास आपटतो.

हो, मराठीही काही कमी नाही, मान्य. 'लागणे' घ्या. भूक लागते, दगड लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, गाडी लागते. पण म्हणून आपण सगळीकडे एकच इंग्रजी शब्द चिकटवून इंग्रजी पुस्तिका छापत नाही ना?

आता थोडं अनुवादकाच्या बाजूने. त्या बिचाऱ्याला पुस्तिका मिळतच नाही. त्याला मिळतो एक्सेलचा तक्ता, आणि एखाद्या रकान्यात एकटाच 'रन'. ते बटण आहे, स्थिती आहे की शीर्षक, काही कळायला मार्ग नाही. बटण असेल तर 'सुरू करा', स्थिती असेल तर 'चालू आहे', पुढे आकडा असेल तर 'फेरी ३'. त्याने अंदाजाने 'धावा' लिहिलं की ते ट्रान्सलेशन मेमरीत (म्हणजे जुनी भाषांतरं मूळ मजकुरासकट साठवणाऱ्या संगणकी वहीत) जाऊन बसतं, आणि पुढे जिथे जिथे तोच मजकूर येईल तिथे शंभर टक्के जुळणी म्हणून आपोआप भरलं जातं. तपासणाऱ्याला अशा ओळी बहुतेकदा दाखवतही नाहीत, कारण त्या ओळी तपासण्याचे पैसे वाचवायचे असतात. अशी एकच चूक पन्नास पानांत पसरते.

उपायही काही अवघड नाही. तक्त्यात एक जादा रकाना: मजकूर कुठे दिसणार आणि कशाबद्दल आहे. सोबत स्क्रीनशॉट. 'रन', 'सेट', 'चेक', 'क्लिअर' असे एकशब्दी रकाने मेमरीतून आपोआप भरू द्यायचे नाहीत, ते माणसानेच बघायचे. आणि छापण्याआधी मूळ इंग्रजी बाजूला ठेवून नुसतं मराठी मोठ्याने वाचायचं.

'समजतं ना, मग झालं' म्हणणाऱ्यांशी मला वादच घालायचा नाही. त्यांच्या इंग्रजी पुस्तिकेत एक स्वल्पविराम चुकला तर बैठक बसते. मराठीचा अनुवादक स्क्रीनशॉट मागतो तेव्हा मात्र उत्तर येतं, 'तेवढा वेळ नाही, उद्या छपाईला जायचंय.'