मिरवायला की वाचायला? : ‘चिकित्सक’ यांना उत्तर

‘चिकित्सक’ यांस,

प्रेस्कॉट या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन इतिहासकाराने लिहिलेल्या, स्पॅनिशांच्या मेक्सिकोविजयाच्या इतिहासाचे तीन चामडी खंड मी कसे जपतो, या लेखावर आपली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं असं: फोटोतली प्रत पहिल्या आवृत्तीची नाही, चामड्याला तेल लावू नये, प्रेस्कॉट जुनाट आहे आणि जेत्यांचीच बाजू सांगतो, पीडितांची बाजू हवी तर सोळाव्या शतकातला स्पॅनिश पाद्री लास कासास वाचावा, आणि शेवटी, “ज्यांना वाचायचं असतं ते पेपरबॅक घेतात, मिरवणारे चामडं घेतात.” त्यापुढे डोळा मिचकावणारा चेहराही.

पहिली गोष्ट मान्य. लेखात १८४३ साल आलंय आणि लगेच खाली फोटो, त्यामुळे तसा समज होऊ शकतो. फोटोखाली आता खुलासा टाकलाय.

मिरवण्याचं मात्र असं सोडून देता येणार नाही. आपली ओळखदेख नाही, आपण खऱ्या नावानेही लिहीत नाही, आणि माझ्या घरातल्या कपाटाचा हेतू मात्र आपल्याला पक्का ठाऊक! माझे वडील बायंडर होते. खळीच्या वासात आणि फर्म्यांच्या गठ्ठ्यांत मी वाढलो. जुजबंदी (पानांच्या घड्यांची शिलाई) कशी घालतात हे बघत बघतच वाचायला शिकलो. तेव्हा चामड्याची बांधणी म्हणजे श्रीमंतीचा थाट, हे निदान मला तरी शिकवू नका.

न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्सनी १८४३ साली हे पुस्तक विकलं ते कापडी बांधणीत. चामडं हवं असेल तर मालकाने पदरचे पैसे घालून बायंडरकडे जायचं. काहींनी ते दिवाणखान्यासाठी केलं असेल, नाही म्हणत नाही. पण माझ्या संचात सगळ्यात जास्त झिजलाय तो दुसरा खंड, आणि तो आपोआप उघडतो ते ‘नोचे त्रिस्ते’पाशी, म्हणजे ‘दुःखाच्या रात्री’पाशी. जून १५२० संपतानाची ती रात्र: स्पॅनिश सेनानी कोर्तेसची माणसं तेनोच्तित्लान या तळ्यातल्या अॅझ्टेक राजधानीतून बांधावरून पळतायत आणि अंगावर सोनं लादलेले पाण्यात बुडतायत. कुणीतरी तिथे पुन्हापुन्हा आलंय. नुसतं मिरवणाऱ्याच्या हातून पानं अशी झिजत नाहीत, साहेब.

आता ‘जेत्यांची बाजू’. प्रेस्कॉट मेक्सिकोत कधी गेला नाही, हे खरं. हार्वर्डमध्ये असताना कुणी भिरकावलेला पावाचा कडक तुकडा लागून त्याचा एक डोळा गेला, दुसराही पुढे अधू झाला. बरंचसं दुसऱ्यांकडून वाचून घेऊन त्याने हे काम केलं. त्याला कोर्तेसचं कौतुक आहे, अॅझ्टेकांबद्दल तो ‘रानटी’ छापाचं बरंच लिहितो. पण सहागून या फ्रान्सिस्कन साधूचं लिखाण, तेश्कोको या अॅझ्टेकांच्या मित्रनगरीच्या राजघराण्यातल्या इश्त्लिल्शोचित्लचं लिखाण, लास कासास, हे सगळं त्याच्या टीपांत आहे. टीपा वाचायला पुस्तक उघडावं लागतं.

आणि लास कासास म्हणजे निखळ पीडितांची बाजू, असं आपण जे गृहीत धरलंय त्याबद्दलही थोडं. त्याचा स्पॅनिश अत्याचारांवरचा वृत्तान्त १५५२ साली सेव्हियात छापला गेला. १६५६ साली त्याचं एक इंग्रजी भाषांतर ‘इंडियन लोकांचे अश्रू’ (इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) या नावाने लंडनमध्ये निघालं, इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याला अर्पण केलेलं. आदल्याच वर्षी इंग्रजांनी स्पेनकडून जमैका बळकावलं होतं! हे अश्रू लंडनला नेमके तेव्हा का आठवले, याचा आपण विचार करावा. जुन्या प्रती जमवणारा माणूस आधी मुखपृष्ठाच्या आतलं साल आणि अर्पणपत्रिका बघतो, म्हणून हे दिसतं. पेपरबॅकमध्ये ती अर्पणपत्रिका बहुधा गाळलेली असते.

नाहुआ लोकांच्या (अॅझ्टेक त्यांच्यातलेच) स्वतःच्या साक्षी माझ्या कपाटात का नाहीत, असंही आपण जाता जाता विचारलंय. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तेलाचं म्हणाल तर ‘तेल लावा’ असं मी कुणालाही सांगितलेलं नाही, मी काय करतो तेवढंच लिहिलंय. जुन्या चामड्याची लाल भुकटी बोटांना लागायला लागली की तेलाने ती थांबत नाही, हे मलाही माहीत आहे. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीशी झगडणाऱ्याला वातानुकूलित संग्रहालयाचे नियम ऐकवणं सोपं असतं.

यापुढे मुद्द्यावर लिहिलंत तर उत्तर देईन. डोळे मिचकावणाऱ्या प्रतिक्रिया काढून टाकल्या जातील.