पहिला सेट गेला म्हणजे संघ झोपला होता असं नाही

परवा आमच्या व्हॉलीबॉलच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "मोठे संघ पहिल्या सेटला झोपेत असतात, अंगाशी आलं की मग जागे होतात." त्याला भराभर अंगठे मिळाले. मला हे वाक्य खेळत होते तेव्हापासून खटकतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

डिसेंबर २०२४ मधली अमेरिकेतल्या कॉलेज व्हॉलीबॉलची महिलांची सेमीफायनल घ्या. लुइव्हिल शहर, पेन स्टेट विरुद्ध नेब्रास्का, दोन्ही विद्यापीठांचे संघ. पाच सेटपैकी तीन घेईल त्याची मॅच. नेब्रास्का म्हणजे तेच विद्यापीठ, जिथे ऑगस्ट २०२३ मध्ये मुलींची मॅच बघायला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ९२,००३ माणसं आली होती. पहिला सेट नेब्रास्काने २५-२३ घेतला, दुसरा २५-१८. तिसरा पेन स्टेटने २५-२३ असा ओढून आणला. चौथ्यात नेब्रास्का २२-१६ अशी पुढे. नंतर तर त्यांच्याकडे मॅच पॉइंटही होते, म्हणजे एक पॉइंट मिळाला की मॅच खिशात. तो सेट पेन स्टेटने २८-२६ घेतला आणि पाचवा १५-१३.

ही मॅच मी तीनदा पाहिली आहे. पहिल्या दोन सेटमध्ये पेन स्टेटच्या मुली झोपलेल्या कुठेही दिसत नाहीत. २५-२३ ला झोपेतला सेट कसं म्हणायचं?

मी कॉलेजला तीन वर्षं लिफ्टर होते, म्हणजे स्मॅश मारणारीला बॉल उचलून देणारी. पहिल्या सेटमध्ये काय चाललेलं असतं ते लिफ्टरच्या जागेवरून सगळ्यात स्पष्ट दिसतं. समोरची मुलगी तरंगती सर्व्हिस टाकते. बॉल फिरत नाही, हवेत डुचमळत येतो आणि शेवटच्या हातभर अंतरात कुठे वळेल ते सांगता येत नाही. पास घेणाऱ्या, म्हणजे सर्व्हिस उचलून लिफ्टरकडे देणाऱ्या, दोघींच्या मधल्या फटीत तो पडतो, "माझा की तुझा" यात अर्धा क्षण जातो आणि पास नेटजवळ यायच्या ऐवजी तीन मीटरच्या रेषेवर येतो. मी तिकडे धावते. तिथून मधल्या खेळाडूला झटपट बॉल देणं जवळपास अशक्य, म्हणून उंच बॉल टोकाला द्यावा लागतो. तो कुठे जाणार हे समोरच्या ब्लॉकला, म्हणजे नेटवर हात उभारून स्मॅश अडवणाऱ्यांना, आधीच कळलेलं असतं, आणि आमच्या स्मॅशरसमोर चार हात उभे राहतात. लोकांना दिसतो अडलेला स्मॅश. पॉइंट मात्र पासवरच गेलेला असतो.

हे समोरच्यांनी ठरवून केलेलं असतं. जो संघ स्वतःला कमी समजतो तो पहिल्या सेटला सगळी जोखीम सर्व्हिसवर घेतो, कारण त्याच्याकडे गमवण्यासारखं काही नसतं. तशा सर्व्हिस एक सेट बसतात, क्वचित दोन. पाच सेट तशाच बसतील असा हात फार थोड्यांचा असतो. म्हणजे "बलाढ्य संघ मंद सुरू झाला" असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा समोरचा संघ त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम सेट खेळत असतो. त्याचं श्रेय त्याला द्यायला नको का?

आता हिशेब बघा. समजा एक संघ इतका सरस आहे की दर शंभर सेटपैकी ६५ तो जिंकेल. तरी पहिला सेट तो शंभरात ३५ वेळा हरणारच, कुणीही न झोपता. आणि पहिला हरल्यावरही मॅच जिंकण्याची त्याची शक्यता शंभरात साधारण ५६ उरते. दोन सेट मागे पडला तरी २७. तीच वेळ कमजोर संघावर आली तर शक्यता जेमतेम ४. दोन सेटनंतरचं पुनरागमन बलाढ्य संघांच्याच नावावर जास्त दिसतं, त्याचं अर्धं कारण या आकड्यांतच आहे. आणि हेच संघ बहुतेक मॅच ३-० अशा सरळ जिंकतात, त्या मॅचबद्दल कुणी पोस्ट लिहीत नाही. २००८ च्या अख्ख्या मोसमात पेन स्टेटने फक्त दोन सेट गमावले होते! त्याच पेन स्टेटने पुढच्या वर्षी, २००९ च्या फायनलमध्ये, टेक्सासविरुद्ध पहिले दोन सेट घालवले. समोर डेस्टिनी हूकर होती, त्या एका मॅचमध्ये तिने ३४ स्मॅश यशस्वी केले. तरीही पेन स्टेट ३-२ ने जिंकली. पाचवा सेट तेव्हाही १५-१३. तो त्यांचा सलग १०२ वा विजय होता.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे दर सेटला नव्याने मांडणी करता येते. रोटेशन, म्हणजे खेळाडूंनी जागा बदलत फिरायचा क्रम, एक-दोन घरं पुढेमागे करून सुरू केलं की आपली मुख्य स्मॅशर त्यांच्या सगळ्यात बुटक्या ब्लॉकरसमोर येते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या महिला सामन्यांत एका सेटला १५ बदल चालतात, आंतरराष्ट्रीय नियमात फक्त ६. ज्याच्या बाकावर पास घेणाऱ्या आणखी दोन चांगल्या मुली बसल्या आहेत, त्याला ही मोकळीक सोन्यासारखी. कमजोर संघालाही पहिल्या सेटमध्ये सगळं कळतं. पण बदलायला माणसंच नसतात.

खरोखर मंद सुरुवात होतच नाही असं मी म्हणत नाही. मुली १८ ते २२ वर्षांच्या असतात. आपल्या हॉलमध्ये मागची भिंत जवळ असते, मोठ्या स्टेडियममध्ये मागे नुसती पोकळी आणि दिवे. पहिले आठ-दहा बॉल उंचीचा अंदाजच येत नाही. पण हा डोळ्यांचा प्रश्न आहे. त्याला माज किंवा आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या वेळी आमचे एक सर पहिल्या सेटच्या टाइमआउटला ३० सेकंद ओरडायचे. "झोपलात का? घरी जायचंय का?" त्या तीस सेकंदांत कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की सर्व्हिस फटीत येतेय, डावीकडची एक पाऊल आत सरक. आमच्यातल्या एका मुलीला ते दिसलं होतं. ती बोलली नाही, कारण बोलायची सोयच नव्हती. ती मॅच आम्ही ३-० हरलो. मी ते अजून विसरलेले नाही.

पेन स्टेटच्या २०२४ च्या त्या सेमीफायनलमध्ये बाकाजवळ त्यांच्या प्रशिक्षक केटी शूमाकर-कॉली उभ्या होत्या. त्याच मोसमात त्यांच्यावर स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू होते. स्वतः त्या १९९९ च्या विजेत्या पेन स्टेट संघात खेळलेल्या. तीन दिवसांनी लुइव्हिल विद्यापीठाला त्यांच्याच शहरात ३-१ ने हरवून, डिव्हिजन वनचं, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या श्रेणीचं, विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक ठरल्या. त्या फायनलचा दुसरा सेट पेन स्टेटने ३२-३४ असा गमावला होता.

आता मी शाळेतल्या मुलींना शिकवते. गेल्या महिन्यात पहिला सेट १९-२५ गेला. मुली माना खाली घालून आल्या. मी एवढंच विचारलं, "काय दिसलं?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमची लिबेरो, म्हणजे फक्त मागे राहून बचाव करणारी मुलगी, हाताच्या कोपराने घाम पुसत म्हणाली, "मॅडम, ती सात नंबरवाली लांब टाकायची असली की बॉल जरा जास्त वर उडवते."

"मग तू कुठे उभी राहशील?"

तिने जागा दाखवली. बाकीच्या चौघी-पाचजणी लगेच आपापल्या जागा ठरवायला लागल्या, आणि पंचांची शिट्टी झाली तरी त्यांचं बोलणं संपत नव्हतं.