पश्चिमेची भिंत

पुण्यातल्या आमच्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि तीन आठवडे ग्रुपवर एकच वाद चालू आहे. विकासकाने दोन आराखडे दिलेत. एकात पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि मोबाइलवर चालणारे दिवे, पडदे, एसी. दुसऱ्यात आटोपशीर खिडक्या, बाहेर उभ्या पट्ट्या, खोल गॅलऱ्या. बहुतेकांना काच हवी, कारण "परदेशात असंच असतं." मी विरोध केला तर एका काकांनी लिहिलं, "तिकडे थंडीत बसून तुला काय कळणार?"

काका, थंडीत बसूनच कळलं. मी राहते त्या जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमधले बँकांचे टॉवर काचेचे आहेत, पण त्या कचेऱ्या. माझ्या घराला बाहेरून रोलाडेन आहे, म्हणजे खिडकीवर गुंडाळून वरखाली होणारं शटर. जुलैत ऊन चढायच्या आत मी ते खाली ओढते आणि रात्री खिडक्या सताड उघडते. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा कितीही जाड असो, उष्णता खोलीतच राहते. ती बाहेरच अडवावी लागते.

इथून जवळच डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्हहाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर आहे, 1991 पासून त्यात लोक राहतात. अशा घराला गरम ठेवायला दर चौरस मीटरला वर्षाला 15 युनिटांहून जास्त ऊर्जा लागता कामा नये. त्याच्या मोठ्या खिडक्या दक्षिणेला, कारण डिसेंबरात भर दुपारीही सूर्य जेमतेम 16 अंशांवर असतो आणि त्याचं ऊन हवंहवंसं वाटतं. हे पुण्यात जसंच्या तसं उचलू नका, एवढंच तर मी म्हणते आहे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेला साधा छज्जा पुरतो. खरा छळ पश्चिमेचा. चारनंतर ऊन छज्ज्याखालून थेट आत घुसतं. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा मुळात कमी काच, हेच उपाय.

आणि हे काही माझं परदेशी शहाणपण नव्हे. आपल्याच इको निवास संहितेने, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या सरकारी नियमावलीने, 2018 साली, थंड प्रदेश सोडून, भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा घालून दिली. विकासकाकडे तो आकडा मागा. एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आराखडा आणि पुण्याच्या हवामानाची फाइल घातली की वर्षाच्या 8,760 तासांचा हिशेब समोर येतो. घर कागदावर आहे तोवर खिडकीची दिशा बदलता येते. नंतर मोबाइलवरून एसी तेवढा लावता येतो.

ग्रुपवर एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही. दहा वर्षांपूर्वी पुण्यातच मी दुसरा फ्लॅट घेतला, इथे बसून, चित्रं बघून. पश्चिमेला पूर्ण काच. इथल्यासारखं दिसतं म्हणून मला आवडला होता. आई तिथे राहते. दुपारनंतर ती हॉलमध्ये बसतच नाही, मागच्या खोलीत खुर्ची नेते. काचेवर तिने जुनी चादर टांगली आहे. व्हिडिओ कॉल संध्याकाळचा असला की ती चादर मला दिसते, आणि जुन्या घरातल्या लाकडी झडपा आठवतात. उन्हाळ्यात त्या सकाळीच लावून घ्यायची तिची घाई असायची.

काल तिला विचारलं, मत कोणत्या आराखड्याला देणार?

"तू राहायला येणार असशील तर तुला हवा त्याला," म्हणाली.

मतदान रविवारी आहे. तिला अजून फोन केलेला नाही.