पाच लाखांचा प्रश्न

वाद एका मार्कावरून सुरू झाला. आम्ही बँक क्लार्कच्या परीक्षेची तयारी करतोय, आणि रविवारच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, प्रश्न होता: बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्यातून जास्तीत जास्त किती रक्कम मिळते? पिंट्याने एक लाखावर टिक केली. बरोबर उत्तर पाच लाख. संध्याकाळी कट्ट्यावर आला तो अभ्यासिकेतली झेरॉक्सची फाइल घेऊनच. "ह्यात एक लाखच दिलंय की लका. हे बघ, खाली दोन रेघा पण मारल्यात."

मी ती फाइल हातात घेतली. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. मधली अक्षरं फिकी पडलेली, स्पायरलजवळच्या ओळी निम्म्या कापलेल्या, समासात कुणाच्या तरी बारीक अक्षरात 'व्हेरी इम्पॉर्टंट'. मर्यादा एक लाख होती हे खरंच आहे, १९९३ पासून. ४ फेब्रुवारी २०२० ला ती पाच लाख झाली. ज्याने ही नोट काढली त्याने ती त्याआधी काढली असणार. तो एव्हाना कुठल्या तरी शाखेत कॅशवर बसलाही असेल, आणि त्याची नोट मात्र अजून साताऱ्यातल्या पोरांचे मार्क खातेय. चुकीला पाव मार्क वजा, म्हणजे पिंट्याचा हिशोब सव्वा मार्काचा.

आमचा कट्टा म्हणजे पोवई नाक्यापासून जरा आत, चहाच्या गाड्यासमोरची एका बंद दुकानाची पायरी. पिंट्या, बापू, म्हसवडची ताई आणि मी, चौघंही एकाच अभ्यासिकेतले. दादा आमच्यातलाच, पण तीन वर्षांपूर्वी लागला. आता बँकेत क्लार्क आहे आणि काम आवरलं की गाडी इथे लावतो.

"नोट जुनी होती, एवढंच," पिंट्या म्हणाला. "नवं कॅप्सूल घेतो. सहा महिन्यांच्या चालू घडामोडींची पीडीएफ, दिवसाला चाळीस पानं. प्रिलिम्सला, पहिल्या फेरीला, जीकेचा एक प्रश्न नसतो. आत्तापासून डोकं कशाला भरायचं? प्रिलिम्स निघाली की बसायचं."

बापू यावर उसळलाच. रोज सकाळी तो नगर वाचनालयात दोन तास पेपर वाचतो आणि त्याचा त्याला मनापासून अभिमान आहे. "कॅप्सूल म्हणजे दुसऱ्यानं चावलेला घास. पेपर वाच, संपादकीय वाच. आपोआप कळतं."

"कळतं, पण मार्क पडत नाहीत," पिंट्या म्हणाला. "मागच्या मॉकला तुझे जीकेला पन्नासपैकी एकोणीस. माझे सव्वीस."

हे खरं होतं आणि बापूला ते लागलं. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत नाही. प्रिलिम्सला जीके नसतं हे बरोबर. पण प्रिलिम्सचे मार्क अंतिम यादीत धरतच नाहीत. यादी लागते ती मेन्सवर, म्हणजे मुख्य परीक्षेवर. स्टेट बँकेच्या क्लार्कच्या मेन्सला जनरल आणि फायनान्शियल अवेअरनेसचे ५० प्रश्न, ५० मार्क, ३५ मिनिटं. दोनशेतले पन्नास. गणिताच्या एका डेटा सेटला आठ मिनिटं जातात आणि शेवटी बेरीज चुकते. इथे येतंय किंवा येत नाही, एवढाच मामला. इंग्रजी कच्चं असलेल्या, तालुक्याच्या गावातून एसटीने रोज ये-जा करणाऱ्या पोरापोरींना कुठल्या विभागात शहरातल्या पोरांची बरोबरी करता येत असेल, तर याच विभागात. आणि नेमका तोच आपण शेवटच्या तीन आठवड्यांवर ढकलतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मागच्या खेपेला मीही हेच केलं होतं. प्रिलिम्स निघाली, रोज साठ पानं वाचली, आणि परीक्षेत निर्देशांक आणि त्यांचे क्रमांक एकमेकांत मिसळून गेले.

"पिंट्या," ताई शांतपणे म्हणाली, "अदिती स्वामीनं जगज्जेतेपद कधी जिंकलं?"

"दोन हजार तेवीस. बर्लिन. तिरंदाजी, कंपाउंड. तेव्हा सतरा वर्षांची होती."

"कुठल्या कॅप्सूलमध्ये पाठ केलंस?"

"पाठ कशाला? आपल्या साताऱ्याची पोरगी आहे. गावभर तेच चाललं होतं."

"प्रतापगड?"

"युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत, जुलै पंचवीस. बारा किल्ले, त्यातला एक तमिळनाडूचा, जिंजी." मग तो थांबला. तिला काय म्हणायचंय ते त्याच्या लक्षात आलं होतं. पण तो हरणारा नाही. "सगळ्या बातम्या साताऱ्यात घडत नाहीत ताई. कुठल्या देशाबरोबर कुठला युद्धसराव झाला, ते मी कसं जगणार?"

हा मुद्दा रास्त आहे. सराव, पुरस्कार, नेमणुका, कोण कुठे पहिला आला, हे पाठच करावं लागतं आणि त्याला कॅप्सूलच लागतं. पण प्रश्नपत्रिकेचा मोठा भाग बँकेचा, पैशाचा असतो. तो भाग आपल्या घरातूनच जातो, तरी आपण तो परक्यासारखा पाठ करतो.

तेवढ्यात दादा आला. चहा सांगितला, विषय काय ते विचारलं आणि पिंट्यालाच रेपोवर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते त्या दरावर, प्रश्न टाकला, "रेपो किती?"

"सव्वापाच. २०२५ च्या डिसेंबरात झाला."

"त्याआधी?"

"साडेपाच. जून. त्याआधी एप्रिलमध्ये सहा, फेब्रुवारीत सव्वासहा. त्याच्याआधी दोन वर्षं साडेसहालाच होता." पिंट्याची स्मरणशक्ती खरोखर चांगली आहे, मी त्याला कधी कमी लेखणार नाही.

"शाब्बास. आता हे सांग. परवा काउंटरवर एक काका आले. घराचं कर्ज आहे. म्हणाले, पेपरात चार वेळा वाचलं व्याज उतरलं, माझा हप्ता तेवढाच का? काय सांगशील?"

पिंट्या गप्प. बापू म्हणाला, "बँका फायदा पुढं देत नाहीत, असं लिहितात."

"कोण लिहितं ते सोड. त्यांचं कर्ज कशाला बांधलेलं आहे ते आधी बघायचं," दादा म्हणाला. "एक ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, गृहकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला, जोडावी लागतात, बहुतेक ठिकाणी रेपोलाच. ती लवकर हलतात. त्याआधीची एमसीएलआरवाली, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दराची, हळू हलतात. फिक्स्ड असेल तर हलतच नाही. आणि व्याज उतरलं तरी बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी होते. काकांचंही तेच झालेलं. स्टेटमेंट काढून दाखवलं, त्यांचे सतरा हप्ते कमी झाले होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं."

त्या सतरा हप्त्यांनी मला रेपो जेवढा समजला तेवढा कुठल्या पीडीएफने समजला नव्हता. मग आम्ही मागे मागे गेलो. दर ठरवतं कोण? पतधोरण समिती. सहा जण, तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारने नेमलेले. मतं समसमान पडली तर? गव्हर्नरचं निर्णायक मत. त्यांच्यापुढे लक्ष्य काय? महागाई ४ टक्के, वरखाली दोनची मुभा. एका काकांच्या हप्त्यातून परीक्षेचे पाच-सहा प्रश्न निघाले, आणि एकाला धरून दुसरा आल्यामुळे ते डोक्यातून निसटायलाही जागा उरली नाही.

बापूचा लोच्या वेगळा आहे आणि तोही त्या दिवशीच उघडा पडला. दादाने विचारलं, "सीआरआर किती?" ठेवींपैकी किती टक्के बँकेने रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचे, तो आकडा. बापू विचारात पडला. ताईने सुचवलं, "रोख राखीव प्रमाण." लगेच म्हणाला, "तीन टक्के! चारचं तीन केलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५, पाव पाव टक्क्याने चार टप्प्यांत." तो मराठी पेपर वाचतो, मराठीत समजून घेतो, आणि मॉकमध्ये 'सीआरआर' अशी तीन अक्षरं दिसली की त्याच्या डोक्यात काही वाजतच नाही. एकोणीस मार्कांचं एक कारण हे. दुसरं असं की दोन तासांतला दीड तास तो राजकारण आणि अपघात वाचण्यात घालवतो आणि हातात पेन नसतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं. मराठीतूनच वाच, समज त्याच भाषेत येते. पण वहीत प्रत्येक शब्दाची दोन्ही नावं लिही. वैधानिक तरलता प्रमाण म्हणजे एसएलआर, अनुत्पादक कर्ज म्हणजे एनपीए, आणि तिथेच पुढे 'हप्ता नव्वद दिवस थकला की'. सरकारची पत्रकं पीआयबीवर, म्हणजे पत्र सूचना कार्यालयाच्या साइटवर, मराठीतही येतात, ती चार ओळींत उतरव. रविवारी आठवड्याची पानं उलट. कॅप्सूल महिन्याच्या शेवटी उघड, काय सुटलं ते बघायला.

"म्हणजे कॅप्सूल लागतंच," पिंट्या म्हणाला.

"लागतं. पण शेवटी," मी म्हणालो. "सुरुवात त्याने करतोस तिथे चुकतंय."

चहावाल्याच्या गाड्यावरचा स्पीकर बोलला, दहा रुपये मिळाले म्हणून. ताईने त्याच्याकडे बोट केलं. "हे बघ. यूपीआय कुणाचं? एनपीसीआयचं, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाचं. ती स्थापन झाली २००८ ला, यूपीआय आलं २०१६ ला. रोज शंभर वेळा कानावर पडतं आणि आपण त्याला अभ्यास म्हणत नाही." माण तालुक्यातल्या या मुलीच्या बोलण्यात म्हसवडची महिलांची बँक नेहमी येते. १९९७ साली चेतना सिन्हांनी ती उभी केली. सुरुवातीला बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून परवाना नाकारला गेला होता. हे ताईच्या घरात गोष्टीसारखं सांगतात. त्यामुळे बँकेचा परवाना कोण देतं, सहकारी बँक आणि व्यापारी बँक यांत फरक काय, हे तिला कधी पाठ करावं लागलं नाही.

मला आमच्या घरातली ट्रंक आठवली. आजोबांचं युनायटेड वेस्टर्न बँकेचं पासबुक त्यात अजून आहे, आतली शाई जांभळी पडलेली. १९३६ ची बँक, मुख्यालय आपल्या साताऱ्यात. २ सप्टेंबर २००६ ला रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने तिच्यावर मोरेटोरियम लावलं, म्हणजे पैसे काढण्यावर बंधन आलं, आणि महिनाभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. तिकडे सांगलीकरांची १९१६ ची सांगली बँक पुढच्याच वर्षी आयसीआयसीआयमध्ये गेली. मोरेटोरियम, विलीनीकरण, ठेव विमा हे शब्द आपल्या दोन जिल्ह्यांइतके जवळून किती जणांनी पाहिले असतील? आणि आपली पोरं त्याच शब्दांच्या व्याख्या झेरॉक्सवरून घोकतात.

मी हे बोललो तसा पिंट्या पुन्हा त्याच्या पाच लाखांवर आला. पण आता मार्काचं नाव नव्हतं. "पाच लाख म्हणजे खात्याला का माणसाला?"

"माणसाला, एका बँकेत," दादा म्हणाला. "त्या बँकेच्या दहा शाखांत एकाच नावावर दहा ठेवी असल्या तरी मिळून पाच लाख. मुद्दल आणि व्याज धरून. दुसऱ्या बँकेत ठेव असेल तर तिथले वेगळे पाच."

"सहकारी बँकेला पण?"

"पण. नागरी सहकारी, जिल्हा बँक, ग्रामीण बँक, सगळ्यांना. प्रीमियम बँक भरते, ठेवीदाराला काही भरावं लागत नाही."

"आणि पतसंस्थेला?"

दादाने कप पायरीवर ठेवला. "नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, ती सहकार खात्याकडे नोंदलेली. डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा तिथल्या ठेवीला लागू नाही."

पिंट्या बराच वेळ काही बोलला नाही. स्पीकर आणखी दोनदा वाजला. मग म्हणाला, "आईचे बचत गटाचे आणि म्हशीचे पैसे तिथंच आहेत. फिक्समध्ये. पावतीवर बँक लिहिलंय का संस्था, मी कधी बघितलंच नाही."

त्याने झेरॉक्सची फाइल उघडली, एक लाखावर काट मारली, बाजूला पाच लिहिलं आणि तारीख घातली, ४ फेब्रुवारी २०२०. खाली आणखी एक ओळ लिहिली: पतसंस्था, नाही. फाइल काखेत मारून तो उठला. शेवटची एसटी सुटायला अजून पाऊण तास होता, तरी निघाला.

रात्री दहाला ग्रुपवर फोटो आला. चार घड्या पडलेली ठेव पावती, कोपऱ्यावर हळदीचा डाग, आणि वर ठळक अक्षरांत संस्थेचं नाव, त्यापुढे 'नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित'. खाली पिंट्याने विचारलं होतं, "दादा, मुदत मार्चमध्ये संपते. उद्या आईला घेऊन तुझ्याकडं येऊ का?"