तोळ्यांचा प्रश्न सुटला, पाटल्यांचा बाकी आहे

2 फेब्रुवारी 2026 पासून भारतात नवे बॅगेज नियम लागू झाले आणि वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांना ड्युटी न भरता आणता येणाऱ्या दागिन्यांवरची किमतीची मर्यादा गेली. आता फक्त वजन बघायचं : बाईला 40 ग्रॅम, इतरांना 20. मेलबर्नला राहणाऱ्या मला हा निर्णय मनापासून पटला. 2016 च्या नियमात वजन हेच होतं, पण सोबत बाईला एक लाख आणि पुरुषाला पन्नास हजारांची अट होती. तेव्हा लाखात तीन तोळ्यांहून जास्त सोनं यायचं. 2025 मध्ये तोळाच लाखावर गेला आणि कागदावरच्या चार तोळ्यांचा प्रत्यक्षात एकही धड उरला नाही.

पुण्यातल्या नातेवाइकांचं म्हणणं वेगळं. "तुम्ही डॉलरमध्ये कमावता, भरा की ड्युटी! सवलत दिली की तस्करी वाढणार." तस्करी होते, हे मान्यच. पण तिला खतपाणी मिळतं ते आयातशुल्काच्या फरकातून. जुलै 2024 मध्ये सोन्यावरचं शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं, तो खरा उपाय होता. लग्नाला निघालेल्या बाईचा हार तोलून तस्कर सापडत नाही.

माझी काळजी आता आमच्यापेक्षा आईवडिलांची आहे. सासूबाई नातवंडांसाठी मेलबर्नला पाच-सहा महिने राहून जातात. वर्षाची अट पुरी होत नाही, म्हणून ही सवलत त्यांना नाहीच. हातातल्या पाटल्या त्यांच्या लग्नातल्या, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. अंगावरचे वापरातले दागिने ड्युटी न लागणाऱ्या वैयक्तिक वस्तूंत धरावेत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने निकालांत सांगितलंय. पण परतताना पहाटे तीन वाजता कस्टम्सच्या काउंटरवर निकाल कोण वाचून दाखवणार? भारतातून निघतानाच कस्टम्सकडे दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. ते असलं की परतताना प्रश्न उरत नाही. आमच्या ओळखीत मात्र ही सोय असते हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ऑस्ट्रेलियाचे नियम काही सैल नाहीत. मोठ्या माणसाला 900 डॉलरपर्यंतचा माल माफ, आणि खाण्याच्या पदार्थांबाबत तर फारच कडक. पण विमानातच कार्ड भरायला देतात आणि खाऊ आहे का, हे त्यावर सरळ विचारलेलं असतं. मागे आम्ही 'हो' लिहिलं. अधिकारी बाईंनी मेतकूट, गोडा मसाला एकेक करून पाहिला आणि परत दिला. कढीपत्त्याची ताजी पानं काढून घेतली. दंड नाही, ओरडणं नाही, कारण आम्ही आधीच सांगितलं होतं. लपवलं असतं तर भुर्दंड होता. खरं सांगणारा इथे निर्धास्त असतो. आपल्याकडे उलट, सामान जाहीर करायच्या रेड चॅनेलकडे वळणाऱ्याला घरचेच म्हणतात, "कशाला पायावर धोंडा मारून घेतोस?"

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुंबईच्या निर्गमन कक्षात चेक-इनच्या शेजारीच या प्रमाणपत्राची खिडकी हवी, मराठी पाटीसह, आणि तिकिटासोबत येणाऱ्या सूचनांत तिचा उल्लेख हवा. तोवर सासूबाई निघतील तेव्हा दागिन्यांचे फोटो आणि सराफाकडून वजनाची चिठ्ठी सोबत देऊ, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचायला सांगू.